रक्त पिणाऱ्यांची उधारी

रक्त पिणाऱ्या जिवांवर आपल्या भाषेचा फार राग आहे. सावकार गोचिडासारखा चिकटतो, नको असलेला पाहुणा ढेकणासारखा घरात शिरतो आणि लुबाडणारा नातेवाईक जळवेसारखा सुटता सुटत नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही गोचिडाचा दृष्टांत आहे. गोचीड गाईच्या सडाजवळ बसलेला असतो, दूध त्याच्यापासून बोटभर अंतरावर असते, तरी तो पितो ते रक्तच, असा त्याचा आशय. हाताशी असलेले चांगले ज्याला घेता येत नाही, अशा करंट्या माणसाविषयीचा तो दृष्टांत आहे. ज्या काळी गोठा घराला लागून असायचा, त्या काळच्या श्रोत्यांना तो समजावून सांगायची गरज पडली नसेल.

त्यानंतर सातशेहून अधिक वर्षे लोटली. आज या दृष्टांताला एक पुरवणी जोडता येईल. गोचिडालाही नुसत्या रक्तावर जगता येत नाही. रक्तात जे नसते ते त्याला कोणाकडून तरी उधार घ्यावे लागते, आणि ही उधारी त्याच्या स्वतःच्या शरीरातच चालते. देणारे असतात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. माझी हयात बँकेत गेली. कोण कोणाच्या भांडवलावर जगतो आहे, हे पाहण्याची सवय नोकरी संपली तरी सुटत नाही. म्हणून हा विषय मला दिसला तोही खातेवहीच्या अंगाने. मात्र त्यात गमतीपेक्षा जास्त काही आहे. जगातल्या कोट्यवधी गाईबैलांचे आणि त्यांच्यावर चालणाऱ्या संसारांचे हित त्यात गुंतलेले आहे.

रक्त म्हणजे मोठा सकस आहार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हे ताट फार एकांगी आहे. त्यात प्रथिने भरपूर, लोह तर नको इतके, मीठ आणि पाणीही गरजेपेक्षा जास्त. पण तोंड आले की डॉक्टर ज्यांच्या गोळ्या लिहून देतात, ती ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे रक्तात फारच थोडी. आपण ती धान्यातून, भाजीतून, दुधातून मिळवतो. गाईची सोय आणखी चांगली, तिच्या पोटातले जिवाणूच ती तयार करून देतात. पण जो जीव जन्मापासून मरेपर्यंत रक्ताखेरीज दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, त्याने ती आणायची कुठून? त्यानेही तोच मार्ग धरला आहे. आपल्या शरीरात त्याने असे जिवाणू पाळले आहेत की जे त्याच्या जिवावर राहतात आणि भाडे म्हणून जीवनसत्त्वे देतात.

या व्यवहाराचा एक ढोबळ नियम सांगता येतो. ज्याचे बालपणही रक्तावर गेले, त्याला असा भाडेकरू ठेवावाच लागतो. ज्याचे बालपण रक्ताबाहेर गेले, त्याचे त्यावाचून निभते. डासाची अळी पाण्यात वाढते, तिथले शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाते, आणि आयुष्याला पुरेल इतकी शिदोरी बांधून घेते. पुढे डासाची मादी रक्त पिते ती अंड्यांसाठी. ढेकणाचे तसे नाही. त्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच रक्त शोधत. म्हणून ढेकणाच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो आणि तो त्याला ‘ब’ जीवनसत्त्वे पुरवतो. शाळकरी मुलींच्या आयांना छळणारी ऊ घ्या. तिच्यातही असाच एक जिवाणू घर करून असतो. फणीने आपण ऊ काढतो तेव्हा एक नव्हे, दोन जीव काढत असतो.

ढेकूण आणि उवा यांचा त्रास खाजवण्यापुरता, फार तर झोपमोडीपुरता. गोठ्यातल्या रक्तपिपासूंचा हिशेब वेगळा आहे. १९८० च्या दशकात ग्रामीण शाखेत काम केलेल्या कोणाही बँक अधिकाऱ्याला दुभत्या जनावरांची कर्जे आठवत असतील. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस होते. संकरित गाय घ्यायची, तिचा विमा उतरवायचा, तिच्या कानात बिल्ला मारायचा आणि दुधाच्या पैशांतून हप्ते फेडायचे, अशी ती योजना. गाय मेली तर तो बिल्ला आणून जमा करावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम. दाव्याच्या अर्जात ‘मृत्यूचे कारण’ असा एक रकाना असे आणि त्यात पुष्कळदा एकच शब्द लिहिलेला असे, ‘ताप’. त्या दोन अक्षरांमागे काय काय असायचे ते नंतर जनावरांच्या डॉक्टरांशी बोलताना उलगडत गेले. गोचीड ताप म्हणजे थायलेरिया, लघवी कॉफीच्या रंगाची करणारा बबेसिया, रक्त आटवणारा अनाप्लाझ्मा आणि घोड्याउंटांपासून गाईम्हशींपर्यंत सगळ्यांना पकडणारा सर्रा. नावे वेगळी, पण या सगळ्यांना जनावराच्या रक्तात आणून सोडणारा कोणी ना कोणी रक्त पिणाराच असतो.

हा प्रश्न सर्वांत भीषण रूपात पाहायचा तर आफ्रिकेत जावे लागते. सहाराच्या दक्षिणेला सदतीस-अडतीस देशांत, सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, त्सेत्से नावाची माशी राहते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात, आणि रक्तच पितात. ही माशी चावताना ट्रिपॅनोसोमा नावाचा एकपेशीय परजीवी सोडते. माणसात त्याने निद्रारोग होतो आणि जनावरात ‘नागाना’. हा झुलू भाषेतून आलेला शब्द. हताश, त्राण गेलेला, असा त्याचा अर्थ सांगतात. नागाना झालेले जनावर खंगत जाते, त्याचे रक्त आटते, गाभ पडतो, दूध आटते, आणि एक दिवस ते उठतच नाही. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने पत्नी मेरी हिच्या मदतीने १८९५ च्या सुमारास झुलूलँडमधल्या उबोंबो येथे हा परजीवी जनावरांच्या रक्तात पाहिला आणि माशीशी त्याचा संबंध दाखवून दिला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने दरसाल तीस लाखांच्या आसपास गुरे मरतात.

आकड्यांपेक्षा एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला लवकर समजेल. या पट्ट्यातल्या फार मोठ्या भागात बैल टिकत नव्हता. बैल नाही म्हणजे नांगर नाही, मोट नाही, गाडी नाही, शेणखत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथली शेती माणसाच्या, आणि बहुतेक वेळा बाईच्या, हातातल्या कुदळीवर चालली. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणाऱ्या आपल्या समाजाला बैलाशिवायचे गाव डोळ्यांसमोर आणून पाहता येईल. आफ्रिकेच्या दारिद्र्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली मोठी माणसांनीच निर्माण केलेली आहेत. पण या यादीत एका माशीचेही नाव लिहावे लागते.

या माशीविरुद्ध माणसाने जे उपाय केले, ते वाचताना अंगावर काटा येतो. माशी रानटी जनावरांच्या रक्तावर जगते, तेव्हा रानच रिकामे करा, असे वसाहतींच्या सरकारांनी ठरवले. दक्षिण ऱ्होडेशियासारख्या प्रदेशांत लाखांनी हरणे, रेडे, डुकरे गोळ्या घालून मारली गेली. माशीला सावली लागते म्हणून मैलोन्‌मैल झाडी तोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि तशीच इतर विषे फवारली. माशी काही ठिकाणी हटली आणि बंदोबस्त ढिला पडताच पुष्कळ ठिकाणी परतली. शहाणपणाचा म्हणावा असा एक प्रयोग झांझिबारमधल्या उंगुजा बेटावर झाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नरांना किरणोत्सर्गाने नपुंसक करून १९९४ पासून लाखांच्या संख्येने विमानातून सोडण्यात आले. रानातल्या माद्यांचा समागम त्यांच्याशी झाला आणि पुढची पिढी जन्मलीच नाही. १९९७ साली ते बेट त्सेत्सेमुक्त म्हणून जाहीर झाले. पण बेटाला चारी बाजूंनी पाणी असते. आफ्रिका खंडाच्या अंतर्भागात अशी कुंपणे नाहीत.

आता त्या माशीच्या पोटात डोकावू. व्हिन्सेंट विगल्सवर्थ हे कीटकशास्त्रातले फार मोठे नाव. त्सेत्सेच्या पचनाचा अभ्यास करताना, १९२९ साली, त्यांनी तिच्या आतड्याच्या पुढच्या भागात जिवाणूंनी खच्चून भरलेल्या पेशींचे वर्णन केले. हे जिवाणू तिथे चुकून शिरलेले नव्हते. त्यांच्यासाठी माशीच्या शरीरात घोड्याच्या नालेच्या आकाराची एक वेगळी खोलीच बांधलेली होती. पुढे १९९५ साली या जिवाणूला विगल्सवर्थ यांच्याच नावावरून विगल्सवर्थिया हे नाव मिळाले. २००२ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय लिपी वाचून झाली. ती जेमतेम सात लाख अक्षरांची निघाली. आपल्या आतड्यातल्या साध्या जिवाणूची लिपी याच्या कितीतरी पट मोठी असते. एका जागी सुखाने राहायला मिळाल्यावर माणूस जसा लागत नाही ते सामान काढून टाकतो, तसे याने लाखो वर्षांत स्वतंत्र जगण्याचे सामान टाकून दिले. पण ‘ब’ जीवनसत्त्वे बनवण्याची कारागिरी मात्र जपून ठेवली. माशी त्याच्यावाचून जगू शकत नाही आणि तो माशीबाहेर जगू शकत नाही.

मग हा भाडेकरू एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातो कसा? इथे त्सेत्से आपल्याला थक्क करते. बाकीच्या माश्या शेकड्यांनी अंडी घालून मोकळ्या होतात. त्सेत्सेची मादी एका वेळी एकच अंडे तयार करते, तेही पोटातच फोडते, आणि आतल्या अळीला शरीरातल्या एका ग्रंथीतून पाझरणाऱ्या दुधावर वाढवते. दूध हा शब्द मी लेखकाच्या हौसेने वापरलेला नाही, शास्त्रज्ञही त्याला दूधच म्हणतात. नऊ-दहा दिवसांनी आईच्या वजनाइतकी भरलेली अळी जन्मते आणि मातीत शिरून कोष करते. सगळ्या आयुष्यात अशी आठ-दहाच बाळंतपणे. आणि त्या दुधातूनच आई आपल्या बाळाला विगल्सवर्थिया देते. घराण्याचे विरजण सासूने सुनेच्या हाती द्यावे, तसे हे विरजण कोट्यवधी वर्षे न तुटता चालत आले आहे.

इथवर आल्यावर कोणाच्याही मनात एक विचार येईल. भाडेकरूच मारला तर? १९७० च्या दशकात ग्युंटर नोगे या जर्मन शास्त्रज्ञाने तसे करून पाहिले. प्रतिजैविक औषध मिसळलेले रक्त माश्यांना पाजले. जिवाणू मेले आणि माद्या वांझ झाल्या. मग त्याने रक्तात ‘ब’ जीवनसत्त्वे मिसळून दिली, तेव्हा त्यांची जननक्षमता थोडीबहुत परत आली. उधारी कशाची होती, ते यातून सिद्ध झाले. सावकाराची नस सापडली, आता दाबायचाच अवकाश, असे वाटण्याजोगी ही गोष्ट होती.

पण पुढच्या संशोधनाने यात एक गाठ दाखवली, आणि मला वाटते, सगळ्या विषयाचे मर्म त्या गाठीत आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सेराप अक्सॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विगल्सवर्थियाशिवाय वाढलेल्या माश्या तपासल्या. सर्वसाधारण त्सेत्सेच्या पोटात ट्रिपॅनोसोमा गेला, तरी बहुतेक माश्या त्याला मारून टाकतात. रोगट रक्त पिणाऱ्यांपैकी थोड्याच माश्या खऱ्या अर्थाने रोगवाहक होतात. जिवाणूविना वाढलेल्या माश्यांची मात्र ही ताकद गेलेली होती. त्यांच्या रक्तातल्या संरक्षक पेशी कमी होत्या, आतड्याचे संरक्षक अस्तर नीट विणले गेले नव्हते, आणि परजीवी त्यांच्यात सहज रुजत होता. अळीच्या वयात हा जिवाणू अंगात असेल तरच मोठेपणी माशीची प्रतिकारशक्ती धड होते, असे या गटाने २०११ साली दाखवून दिले. म्हणजे ज्याला आपण चोराचा साथीदार समजून मारायला निघालो होतो, तोच चोराच्या घरातला पहारेकरीही निघाला. तो माशीला जगवतो आणि रोगाला अडवतोही. त्याला सरसकट मारले तर माद्या वांझ होतील हे खरे. पण ज्या माश्या जगतील त्या रोगाला अधिक सोप्या वाहक होतील.

कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही फक्त देणी पाहत नसू. त्या माणसाच्या भरवशावर आणखी कोण कोण उभे आहे, तेही पाहावे लागे. एखाद्या व्यापाऱ्यावर जप्ती आणणे कायद्याने योग्य असते. पण त्याच्या दुकानावर चाळीस शेतकऱ्यांचे बियाणे अवलंबून असेल, तर जप्तीचा दिवस ठरवण्याआधी विचार करावा लागतो. निसर्गातल्या खातेवह्या याहून गुंतागुंतीच्या असतात. रान तोडून, रेडे मारून, विष फवारून जे झाले नाही, ते एखादी बाटली ओतून होईल, असे समजणारा माणूस खाते न वाचता निकाल देत असतो.

मग या ज्ञानाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो बारकाईच्या कामाचा आहे. २०१९ साली अक्सॉय यांच्याच गटाने एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. मलेरियाच्या डासात सापडलेला कोसाकोनिया नावाचा एक जिवाणू त्यांनी त्सेत्सेच्या आतड्यात वसवला. त्याने तिथली आम्लता वाढवली आणि ट्रिपॅनोसोमाला तिथे रुजणे जड झाले. माशी जिवंत, तिचा जुना भाडेकरूही शाबूत, फक्त रोगाला जागा उरली नाही. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतले शास्त्रज्ञ आणखी एका वाटेने गेले आहेत. त्सेत्सेच्या शरीरात सोडॅलिस नावाचा एक दुसरा जिवाणू असतो आणि तो प्रयोगशाळेत वाढवता येतो. त्याच्यात जनुकीय बदल करून त्याच्याकडूनच परजीवीला मारक द्रव्य तयार करवून घ्यायचे, अशी त्यांची योजना. घरातल्याच नोकराच्या हाती काठी देण्याचा हा प्रकार. हे सगळे अजून प्रयोगशाळेतच आहे, आणि नपुंसक नर सोडण्याच्या योजनांशी त्याची सांगड घालावी, असा विचार चालू आहे. सोडलेले नरही रक्त पितातच. त्यांनी रोग पसरवू नये, याची काळजी घ्यावीच लागते.

अशा कल्पना हवेत विरतात असेही नाही. माणसाच्या रोगाबाबत त्यांतली एक खरी ठरलेली आहे. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया जिवाणू असलेले एडिस डास मुद्दाम सोडले गेले. या जिवाणूमुळे डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. ज्या भागांत असे डास सोडले, तिथे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत.

आता आपल्या गोठ्याकडे येऊ. त्सेत्से आपल्याकडे नाही, हे आपले भाग्य. पण तिने वाहिलेल्या परजीवीचा एक भाऊबंद मात्र आपल्याकडे आहे, आणि तो शास्त्राला सापडला तोही याच उपखंडात. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइल खान येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, सर्रा झालेल्या घोड्याउंटांच्या रक्तात तो पाहिला. ब्रूसच्या शोधाला तेव्हा अजून पंधरा वर्षे होती. या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीने एक चलाखी केली आहे. त्सेत्सेच्या पोटात वाढण्यासाठी लागणारे जनुकीय साहित्य त्याने गमावले, आणि त्यामुळे त्सेत्सेवरचे त्याचे अवलंबित्व संपले. घोडमाशीच्या सोंडेला लागलेल्या ओल्या रक्तातून तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. माशी इथे फक्त न पुसलेली सुई. अशा रोगापुढे माशीच्या पोटातले राजकारण कितीही समजले, तरी त्याचा फारसा उपयोग नाही.

सर्रा हा जनावरांचा रोग, माणसाला होत नाही, अशी समजूत होती. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी निघाला. वारंवार ताप येत होता, आणि रक्त तपासल्यावर जे दिसले त्याने जगभरचे तज्ज्ञ चकित झाले. सुरामिन हे औषध देऊन त्याला बरे करण्यात आले. पुढे २००६ मध्ये उलगडा झाला की माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे जे एक प्रथिन असते, ते या माणसाच्या रक्तात जन्मतःच नव्हते. आपण सगळे त्या एका प्रथिनाच्या भिंतीआड सुरक्षित आहोत, हे जगाला कळले ते विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या तापातून. जनावराचा रोग हा जनावराच्या डॉक्टरचा प्रश्न आणि माणसाचा रोग माणसाच्या डॉक्टरचा, ही कागदावरची विभागणी रक्त पिणारे जीव पाळत नाहीत.

लम्पीची आठवण तर अजून ताजी आहे. भारतात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो २०१९ साली ओडिशात. २०२२ मध्ये राजस्थान, गुजरात करत तो महाराष्ट्रात आला. गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, देशभरात दीड लाखाहून अधिक जनावरे दगावली. अंगभर गाठी उठलेल्या गाईसमोर हतबल बसलेली माणसे आपण वर्तमानपत्रांतून पाहिली. हा विषाणूही चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत फिरतो. त्यांतल्या एका माशीकडे मी वाचकांचे लक्ष वेधतो. ती दिसते घरमाशीसारखीच, पण तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते आणि ती जनावराच्या पायांना चावते. गोठ्यात गाय सारखे पाय आपटत असेल, तर बहुधा हिच्यामुळे. हिचे बालपण रक्ताबाहेर जाते. ओले शेण, मूत मुरलेला कडबा, कुजणारे वैरणीचे उष्टे यांत तिच्या अळ्या वाढतात, आणि वाढण्यासाठी त्यांना त्या घाणीतले जिवाणूच लागतात. म्हणजे या माशीची उधारी देणारी पेढी तिच्या पोटात नाही, आपल्या उकिरड्यात आहे. ती बंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. शेण रोज उचलणे, खड्डा गोठ्यापासून दूर ठेवणे, उष्टी वैरण साचू न देणे, ओल राहू न देणे, इतके पुरते. आपल्या आज्या पहाटे उठून गोठा झाडत, त्या कामाला शास्त्राची ही साक्ष आहे.

गोचिडाची गोष्ट याच्या उलट, म्हणजे त्सेत्सेसारखी. गोचीड हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. पण जन्मभर रक्तावर जगत असल्याने त्यालाही भाडेकरू लागतो. आपल्या गाईम्हशींवर सर्वत्र आढळणाऱ्या जातीच्या गोचिडावर ब्राझीलच्या संशोधकांनी केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी त्यातला सहजीवी जिवाणू औषधाने कमी केला, तेव्हा पुढच्या पिढीचे गोचीड मध्येच अडले. ते प्रौढ झालेच नाहीत. हा शोध आपल्या कामाचा आहे, कारण गोचिडावरची जुनी औषधे आता थकत चालली आहेत. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांना न जुमानणारे गोचीड आपल्या देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. औषध लागू पडत नाही म्हणून शेतकरी दुप्पट मात्रा करतो, आणि त्यातून गोचीड अधिक निबर होतो, दुधात मात्र विष उतरते.

मात्र ब्राझीलच्या प्रयोगाचा अर्थ कोणी असा काढू नये की गाईला प्रतिजैविकाची सुई टोचली की गोचीड गेले. तो प्रयोग समजून घेण्यासाठी होता, उपाय म्हणून नव्हे. गोठ्यात सरसकट प्रतिजैविके ओतली, तर ती दुधातून आपल्या मुलांच्या पेल्यात येतील आणि माणसाच्या रोगांवरची औषधे निकामी करतील. गोचिडाच्या या उधारीवर नेमका घाव घालणारी लस किंवा औषध शोधायचे, तर त्यासाठी वर्षानुवर्षांचे काम लागेल. आणि ते आपल्या गोचिडावर, आपल्या हवामानात, आपल्या खिलार, डांगी आणि संकरित गाईंवर व्हायला हवे. परदेशात महाग लस निघेल आणि ती आपण विकत घेऊ, या भरवशावर बसणे म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीवर घर बांधणे.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट म्हणाव्याशा वाटतात. पहिली, या संशोधनाला पैसा आणि सवड द्या. जिवाणूचा अभ्यास करणाऱ्या माणसाला ‘याचा गाईला काय उपयोग?’ असे तिसऱ्या महिन्यात विचारू नका. विगल्सवर्थ यांनी त्या पेशींचे वर्णन केले तेव्हा त्यांना कोणी असे विचारले असते, तर उत्तर द्यायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला असता. दुसरी, ते संशोधन फळाला येईपर्यंत गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर असू द्या. रक्ताची एक काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर गोचीड ताप की सर्रा, हे पुष्कळदा तिथल्या तिथे कळते. इव्हान्सने १८८० साली जे केले, ते आज आपल्या तालुक्याच्या गावात न होण्याचे काही कारण नाही. ते वेळेवर झाले तर गाय वाचते. नाही झाले तर शेतकऱ्याच्या हाती कानातला बिल्ला उरतो, आणि बँकेच्या अर्जात पुन्हा ती दोन अक्षरे लिहिली जातात.